जुनी मॅन्युअल लेन्स, डिजिटल बॉडी आणि मीटरची कटकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बाबांच्या किंवा काकांच्या एफएम२ (निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा) सोबतची ५० एमएम लेन्स सापडते, नाहीतर कुणीतरी हौसेने हेलिओस (जुनी रशियन लेन्स) घेतो, बॉडीला म्हणजे कॅमेऱ्याला लावतो आणि फोटो एकतर पांढरेफटक येतात नाहीतर काळेकुट्ट, मग सगळ्यांना तेच तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं एका ठिकाणी टाकलीयेत. निकॉनवर जास्त लिहिलंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. दुसरी बॉडी असेल तर सरळ खाली जा, पण पहिले दोन प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

प्रश्न: मुळात प्रॉब्लेम काय आहे? लेन्समधून उजेड येतो, कॅमेरा तो मोजतो, मग चुकतो कुठे?

उजेड मोजायला कॅमेरा चुकत नाही हो. त्याला माहीत नसतं ते हे की मोजताना अ‍ॅपर्चर कुठे होतं आणि फोटो घेताना कुठे असणार आहे. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान.)

आताची लेन्स लावली की ती कॉन्टॅक्टमधून सगळं सांगते, मी ५० एमएम, माझं मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर १.८, आत्ता तू मला ८ ला सेट केलंयस. लेन्स फुल्ल ओपन असतानाच कॅमेरा उजेड मोजतो आणि १.८ पासून ८ पर्यंत किती स्टॉप होतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ते वजा करून शटर स्पीड काढतो. पाती प्रत्यक्षात बंद होतात फक्त क्लिक करायच्या क्षणी. जुन्या लेन्सला कॉन्टॅक्टच नाहीत, त्यामुळे ही माहिती एकतर यांत्रिक खटक्याने मिळते, नाहीतर मिळतच नाही.

म्हणून लेन्स कुठलीही असो, स्वतःला आधी एकच विचारायचं, मीटर (कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र) बघतोय तेव्हा पाती उघडी आहेत की बंद? हे कळलं की पुढची निम्मी डोकेदुखी जाते.

प्रश्न: स्टॉप डाउन मीटरिंग म्हणजे नक्की काय?

अ‍ॅपर्चर खरोखर बंद करून, जेवढा उजेड आत येतोय तेवढाच मोजायचा. रिंग ८ वर फिरवली की पाती तिथल्या तिथे बंद होतात, फाइंडर अंधारतो, मीटरला तेवढाच उजेड दिसतो आणि फोटोही तेवढ्याच उजेडात निघतो. वजाबाकी नाही, अंदाज नाही. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये हेच होतं आणि लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं उत्तम फोटो काढले, त्यामुळे ही काही कमी दर्जाची पद्धत नाही.

तोटा एवढाच की डीएसएलआरच्या फाइंडरमध्ये एफ/११ ला फोकस करणं म्हणजे लोडशेडिंगमध्ये सुई ओवणं. आधी फुल्ल ओपनला फोकस करा, मग रिंग बंद करून रीडिंग घ्या.

प्रश्न: माझ्या डी३५०० (किंवा डी५६००, डी३४००, डी९०) वर जुनी निकॉन लेन्स लावली तर मीटरच दिसत नाही. कॅमेरा बिघडला का?

नाही. या बॉडीजमध्ये अ‍ॅपर्चर रिंगची जागा वाचणारा खटकाच नाही, त्यामुळे कॉन्टॅक्ट नसलेली लेन्स लावली की कंपनीने मीटर बंदच ठेवलाय. डायल एम (सगळं हाताने) वर ठेवला तरच क्लिक होतं, ए (शटर कॅमेरा ठरवतो) किंवा पी (दोन्ही कॅमेरा ठरवतो) ला लेन्स जोडलेली नाही असं काहीतरी म्हणून अडून बसतो.

उपाय तीन. पहिला आणि माझ्या मते सगळ्यात सोपा, किट लेन्सवर रीडिंग घ्या. १८-५५ साधारण तेवढ्याच फोकल लेंग्थवर आणून एम मोडमध्ये एफ/८ ला काय शटर येतंय ते बघा, मग जुनी लेन्स लावा, तिची रिंग ८ वर, शटर तेच. उजेड बदलत नाही तोपर्यंत तेच सेटिंग चालतं, आणि दुपारच्या उन्हात उजेड तासभर तरी फारसा हलत नाही. दुसरा, फोनवर लाइट मीटरचं अ‍ॅप. तिसरा, सरळ अंदाजाने एक फोटो, मागे हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, सुधारा, परत घ्या. डिजिटलमध्ये रोल संपत नाही, त्यामुळे तिसरा उपाय ऐकायला वाटतो तेवढा वाईट नाही, दुसऱ्या फोटोत बहुतेक वेळा जमतंच.

प्रश्न: मित्राच्या डी७२०० वर हीच लेन्स मीटर होते. मी तर त्याच्यापेक्षा नवीन डी७५०० घेतला, त्यावर का नाही?

कारण निकॉनने २०१७ च्या डी७५०० मधून तो खटका काढून टाकला. डी७०००, डी७१००, डी७२०० मध्ये होता, डी२००, डी३००, डी७००, डी६१०, डी७५०, डी८१०, डी८५०, डी७८० मध्ये आहे. माउंटच्या बाहेरच्या कडेला, फाइंडरकडच्या बाजूला एक छोटी सरकणारी जीभ दिसते, बोटाने ढकलली तर स्प्रिंगने परत येते, तोच तो खटका. ती जीभ दिसली तर तुमची बॉडी एआय लेन्स (निकॉनची १९७७ पासूनची पद्धत, ओळखायची कशी ते खाली आहे) मीटर करणार. नसेल तर वरचे तीन उपाय आहेतच.

जुन्या लेन्सच वापरायच्या हे पक्कं असेल तर सेकंडहँड डी७१०० किंवा डी७५० बघा, जास्त पैसे मोजून नवीन घेण्यात या कामापुरता काही अर्थ नाही.

प्रश्न: मेन्यूमध्ये नॉन-सीपीयू (म्हणजे चिप नसलेल्या) लेन्स डेटा असं आहे, त्यात काय भरायचं? चुकीचं भरलं तर फोटो बिघडतील का?

फोकल लेंग्थ आणि लेन्सचं मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर, बस. ५० एमएम एफ/१.४ असेल तर ५० आणि १.४. नंबर देऊन सेव्ह करता येतं, बहुतेक बॉडीजमध्ये ९ लेन्स बसतात. लेन्स बदलली की नंबरही बदलायचा, हे लोक हमखास विसरतात.

आता गंमत बघा. तो खटका कॅमेऱ्याला फक्त एवढंच सांगतो की रिंग फुल्ल ओपनपासून किती स्टॉप खाली आहे. म्हणून काहीच भरलं नाही तर वरच्या डिस्प्लेवर एफ नंबरऐवजी त्रिकोण आणि एफ असं चिन्ह येतं आणि पुढे स्टॉपचा आकडा. एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण उजेड) त्याच आकड्यावरून निघतं, त्यामुळे १.४ च्या जागी १.८ भरलं म्हणून फोटो लगेच जळत नाही, पण दिसणारा एफ नंबर आणि फोटोत नोंदला जाणारा एफ नंबर दोन्ही चुकतात. डेटा भरला नाही तर मॅट्रिक्स (पूर्ण फ्रेम तपासून मोजणं) मिळत नाही, कॅमेरा आपोआप सेंटर-वेटेडवर (मधल्या भागाला जास्त महत्त्व देऊन मोजणं) जातो.

मोड फक्त दोन, ए आणि एम. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरून बदलायचं, कॅमेऱ्याची चकती फिरवून काही होणार नाही.

मॅट्रिक्स की सेंटर-वेटेड असंही बरेच जण विचारतात. जुन्या लेन्सवर मी सेंटर-वेटेड वापरतो, कारण तो काय करणार ते मला आधी कळतं. मॅट्रिक्स हुशार आहे पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, आणि हाताने कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा मुद्दाम जास्त-कमी उजेड) देताना ते कळलेलं बरं असतं.

प्रश्न: एआय आणि नॉन-एआय ओळखायची कशी? लावून बघू का?

लावून बघू नका! आधी ओळखा.

निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि १९७७ मध्ये एआय पद्धत सुरू केली. त्याआधीच्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगची मागची कड पूर्ण गोल आणि उंच असते. ती लेन्स डी७००० किंवा डी७५० सारख्या बॉडीवर जोर लावून फिरवली की ती कड खटक्याच्या जिभेवर चढते आणि जीभ वाकते किंवा तुटते, मग रिपेअरवाल्याकडे चकरा.

ओळखायच्या खुणा अशा. रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतील, एक मोठी आणि माउंटच्या बाजूला एक बारीक, तर एआय. एकच ओळ असेल तर नॉन-एआयची शक्यता जास्त. रिंगवरचे ते दोन धातूचे कान भरीव असतील तर नॉन-एआय, कानांना भोकं असतील तर एआय. रिंगची मागची कड कापून पायरीसारखी केलेली असेल तर लेन्स एआय आहे किंवा नंतर कुणीतरी करून घेतलीये. सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरचा आकडा दोन्ही ओळींत केशरी असेल तर एआय-एस, ती तर बिनधास्त लावा.

डी४०, डी६०, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीजवर ती जीभच नसल्यामुळे बहुतेक नॉन-एआय लेन्स आरामात बसतात, मागून आत खोल घुसणाऱ्या काही विचित्र लेन्स सोडून. म्हणजे सगळ्यात स्वस्त बॉडी सगळ्यात जुनी लेन्स घेते, पण मीटर देत नाही. २०१३ च्या डीएफची जीभ वर उचलून ठेवता येते, त्यामुळे तिच्यावर नॉन-एआय बसते आणि मीटरही होते, फक्त अ‍ॅपर्चर लेन्सवर आणि कॅमेऱ्यावर असं दोन्हीकडे सेट करावं लागतं.

रिंग कानशीने घासून एआय करणारे लोक आहेत. नीट केलं तर छान चालतं. स्वतः करणार असाल तर रिंग लेन्सवरून काढून घासा, धातूचा चुरा पात्यांत गेला की लेन्स गेली.

प्रश्न: एएफ-डी (निकॉनची रिंग असलेली ऑटोफोकस) लेन्स लावली तर एफईई असं लुकलुकतं आणि क्लिक होत नाही.

रिंग सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरवर, म्हणजे केशरी १६ किंवा २२ वर फिरवून लॉक करा. संपलं. एएफ-डी ला चिप आहे, त्यामुळे डी३५०० वरही मीटर सगळ्या मोडमध्ये चालतो, फोकस तेवढा हाताने.

प्रश्न: हेलिओस ४४-२ किंवा ताकुमारसारखी (पेंटॅक्सची जुनी) आट्यांची, म्हणजे एम४२ माउंटची लेन्स निकॉन किंवा कॅननवर कशी मीटर होईल?

एम४२ लेन्स अडॅप्टरवर लागते आणि मीटरिंग कायम स्टॉप डाउनच, दुसरा पर्याय नाही. कॅननवर अ‍ॅपर्चरच्या जागी ०० दिसतं, ते तसंच असतं, घाबरू नका, एव्ही (निकॉनच्या ए सारखाच मोड) किंवा एम वर ठेवा. खटका असलेल्या निकॉन बॉडीवर ए मोड चालतो, कारण जीभ जागेवरच असते आणि कॅमेऱ्याला वाटतं लेन्स ओपनच आहे, म्हणजे जेवढा उजेड दिसतोय तोच खरा. डी३५०० वाल्यांना इथेही मीटर नाही.

निकॉनबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एम४२ चं माउंट ते सेन्सर अंतर ४५.४६ मिमी आणि निकॉनचं ४६.५, त्यामुळे साध्या अडॅप्टरवर लांबचा फोकस मिळतच नाही आणि काच बसवलेल्या अडॅप्टरवर मिळतो पण फोटो मऊ होतो. कॅननचं ४४ आहे, तिथे हा त्रास नाही.

आता पात्यांचं बघा. हेलिओस ४४-२ ला दोन रिंगा असतात, एकीवर अ‍ॅपर्चर ठरवायचं, दुसरीने पाती उघडायची आणि मिटायची. ही प्रीसेट पद्धत स्टॉप डाउनसाठी अगदी सोयीची, उघडून फोकस करा, अडेपर्यंत मिटा, रीडिंग घ्या. नंतरच्या ऑटो लेन्सना मागे एक टाचणीएवढी पिन असते, ती दाबली तरच पाती मिटतात. ताकुमारला बाजूला ऑटो आणि मॅन्युअल असं बटण आहे, मॅन्युअलवर ठेवा. हेलिओस ४४एम-४ सारख्यांना ते बटणच नाही, त्यांना पिन दाबून धरणारा, आतून कड असलेला अडॅप्टर लागतो. साधा अडॅप्टर लावलात तर रिंग फिरते, आकडे बदलतात आणि पाती मात्र उघडीच राहतात. २ पासून १६ पर्यंत सगळे फोटो सारखेच दिसतायत आणि शटर स्पीडही हलत नाहीये असं झालं तर हेच कारण, समोरून आत बघा, लगेच दिसेल.

प्रश्न: कॅनन डीएसएलआरवर जुनी लेन्स एका अ‍ॅपर्चरला बरोबर येते आणि रिंग बदलली की एक्स्पोजर घसरतं. स्टॉप डाउनमध्ये तर वजाबाकी नाही म्हणालात!

प्रश्न अगदी रास्त आहे. कारण असं की डीएसएलआरचा मीटर सेन्सरवर नसतो, वर फाइंडरच्या प्रिझमपाशी असतो आणि तो फोकसिंग स्क्रीनकडे (फाइंडरमध्ये चित्र ज्यावर पडतं ती काच) बघतो. आजच्या स्क्रीन मंद झूम लेन्ससाठी उजळ केलेल्या असतात, त्यांच्यावरची बारीक रचना साधारण एफ/२.८ पेक्षा रुंद येणारे किरण नीट दाखवतच नाही. म्हणून १.४ आणि २.८ मध्ये फाइंडरमध्ये जवळजवळ फरक दिसत नाही, आणि जे तुम्हाला दिसत नाही ते मीटरलाही दिसत नाही. लहान अ‍ॅपर्चरलाही स्क्रीन उजेड सरळ प्रमाणात पसरवत नाही. चिपवाली लेन्स असेल तर कॅमेरा हे आतल्या आत दुरुस्त करतो, चिप नसेल तर करणार कसा? त्याला अ‍ॅपर्चरच माहीत नाही. काही बॉडीजवर फोटो ओव्हर (जास्त उजळ) होत जातात, काहींवर अंडर (काळे), पण एकाच बॉडीवर आणि एकाच लेन्सवर चूक दर वेळी तीच येते.

त्यामुळे इलाज आहे. एक, लाइव्ह व्ह्यू (फाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघणं) चालू करा, तिथे मीटरिंग सेन्सरवरून होतं आणि हा सगळा प्रकार संपतो. दोन, आपल्या बॉडीचा तक्ता करा, कसा ते खाली टेस्टच्या प्रश्नात आहे. तीन, ५डी मार्क २ किंवा ६डी असेल आणि मॅन्युअल फोकससाठी ईजी-एस स्क्रीन बसवली असेल तर मेन्यूमध्ये स्क्रीनचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर चांगल्या लेन्सवरही मीटर चुकेल.

प्रश्न: ट्रायपॉडवर ठेवलं की फोटो अंडर येतो, हातात धरला की बरोबर.

मागून, आयपीसमधून उजेड घुसतोय. डोळा लावलेला असतो तेव्हा डोकं तो अडवतं. मीटर वरच बसलेला असल्यामुळे मागून आलेला उजेडही तो मोजतो. चिपवाल्या लेन्सवरही हे होतं पण स्टॉप डाउनमध्ये फार जास्त, कारण समोरून एफ/११ मधून थेंबभर उजेड येतोय आणि मागून ऊन. टोपी ठेवा, हात ठेवा, पट्ट्याला अडकवलेलं ते रबरी झाकण लावा, किंवा रीडिंग हातात घेऊन एम मध्ये लॉक करा.

प्रश्न: पेंटॅक्सवर?

पेंटॅक्सवाले सुखी आहेत. के माउंट १९७५ पासून आजपर्यंत बसतो. आधी मेन्यूमध्ये अ‍ॅपर्चर रिंग वापरायला परवानगी द्या, मग एम मोडमध्ये हिरवं बटण दाबा, पाती क्षणभर मिटतात, कॅमेरा मोजतो, शटर स्पीड बसवतो, पाती उघडतात. के आणि एम नावाच्या जुन्या मालिकांतल्या लेन्सवर एव्ही मोडमध्ये रिंग कुठेही असली तरी फोटो फुल्ल ओपनलाच निघतो, त्यामुळे एव्ही विसरा. रिंगवर ए अक्षर असलेली लेन्स असेल तर ती ए वर ठेवा आणि सगळे मोड वापरा. एम४२ लेन्स अडॅप्टरवर एव्हीमध्ये चालते, ते बरोबर आहे.

प्रश्न: मिररलेसवर तर हे काहीच लागू नाही ना?

बरंचसं नाही. सेन्सरच मीटर आहे, प्रिझम नाही, स्क्रीन नाही, आयपीसमधून येणारा उजेड नाही, त्यामुळे सोनी, फुजी, निकॉन झेड, कॅनन आर, कुठलीही घ्या, साध्या पोकळ अडॅप्टरवर स्टॉप डाउन मीटरिंग चोख होतं. मॅन्युअल लेन्सचं वेड परत आलं त्याचं मोठं कारण हेच, २०१३ ला सोनी ए७ आला आणि जुन्या लेन्सला पूर्ण आकाराचा सेन्सर असा सहज मिळाला.

तरी तीन सेटिंग बघून घ्या. लेन्स नसताना शटर चालू द्या असा पर्याय बऱ्याच कंपन्यांच्या मेन्यूत असतो, तो असून चालू नसेल तर क्लिकच होणार नाही. दुसरं, स्क्रीनवर एक्स्पोजरचा खरा परिणाम दिसतोय ना ते बघा, सोनीत सेटिंग इफेक्ट नावाने आहे, ते बंद असेल तर स्क्रीन कायम छान उजळ दिसेल आणि फोटो वेगळाच येईल. तिसरं ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो ते), कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ माहीत नाही त्यामुळे तो १३५ एमएम लावलेली असतानाही १/६० वगैरे शटर निवडून मोकळा होतो आणि फोटो हलतो. कमीत कमी शटर स्पीड स्वतः ठरवून द्या.

निकॉन झेडवाल्यांसाठी, एफटीझेड अडॅप्टरमध्ये (एफ माउंटच्या लेन्स झेडवर बसवायचा) एआयचा खटका नाही. म्हणजे डी७५० वर ओपन मीटर होणारी तीच लेन्स झेड६ वर स्टॉप डाउन होणार. मीटरिंग बरोबरच येतं, फक्त फोटोत अ‍ॅपर्चरची नोंद खरी नसते.

प्रश्न: कॅनन एफडी (ऑटोफोकसच्या आधीच्या माउंटची) लेन्सची रिंग फिरवतोय पण काहीच बदलत नाही.

अडॅप्टरवरची लॉक आणि ओपन लिहिलेली रिंग लॉकवर न्या. एफडी लेन्स बॉडीवर नसेल तर आतला खटका कुणी दाबल्याशिवाय पाती हलत नाहीत, ते काम ती रिंग करते.

प्रश्न: चिपवाला अडॅप्टर घेऊ का? त्याने मीटर सुधारेल?

मीटर सुधारायला म्हणून घेऊ नका. कॅननसाठीच्या चिपा मुख्यतः फोकस झाला की बीप वाजवायला असतात. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्याला एकच ठरलेलं अ‍ॅपर्चर सांगतात, लेन्स काहीही असो. कॅमेरा त्यावर विश्वास ठेवून वर सांगितलेली दुरुस्ती करायला जातो आणि कधीकधी आधीपेक्षा जास्त चुकतो. निकॉनसाठी लेन्सलाच चिकटवायच्या, प्रोग्राम करता येणाऱ्या चिपा मिळतात, त्या लावल्या तर डी३५०० वरही मीटर जागा होतो. ते काम बारीक आहे, चिप केसभर सरकली तर कॉन्टॅक्ट होत नाही.

प्रश्न: चूक लेन्सची आहे की मीटरची, हे कसं कळणार?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न. दोन टेस्ट करा, एक लेन्सची आणि एक मीटरची. दोन्ही एकत्र केल्या की काहीच कळत नाही, म्हणून वेगवेगळ्या.

सावलीतली एकसारखी भिंत घ्या, ढगांची ये-जा नसलेली वेळ, आयएसओ ठरलेला, ऑटो काहीही नको. लेन्सची टेस्ट एम मोडमध्ये. एफ/२.८ ला १/१०००, ४ ला १/५००, ५.६ ला १/२५०, ८ ला १/१२५, ११ ला १/६०. प्रत्येक जोडीत उजेड तेवढाच जातो, म्हणजे सगळे फोटो सारखे उजळ यायला पाहिजेत (भिंतीवर हे आकडे अंडर येत असतील तर आयएसओ वाढवा, आकड्यांची साखळी मोडू नका). फक्त मधला भाग बघा, कडा नको, फुल्ल ओपनला कोपरे काळवंडतातच आणि त्याने फसायला होतं. अर्ध्या स्टॉपच्या आत फरक असेल तर लेन्स ठणठणीत. रिंग बंद करत जाल तसे फोटो उजळत गेले तर पाती वेळेत मिटत नाहीयेत.

हे आपल्याकडे फार दिसतं. वर्षानुवर्षं कपाटात, उकाड्यात पडलेल्या लेन्सचं फोकसचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं आणि पाती चिकट होतात. लेन्सच्या मागचा छोटा दांडा नखाने ओढून पटकन सोडा. पाती चटकन मिटली पाहिजेत, डोळ्याला दिसेल एवढ्या सावकाश मिटली तर तेलकट आहेत. समोरून टॉर्च मारला तर पात्यांवर ओलसर चकाकी दिसते. निकॉन डीएसएलआरवर अशी लेन्स एफ/११ ला हमखास ओव्हर देते कारण पात्यांना मिटायला क्षणभरच मिळतो, आणि तीच लेन्स मिररलेसवर अगदी बरोबर येते कारण तिथे पाती आधीपासूनच मिटलेली असतात. म्हणजे मिररलेसवर चांगली चालते म्हणून लेन्स चांगली आहे असं नाही.

मग मीटरची टेस्ट. तीच भिंत, ए किंवा एव्ही मोड, प्रत्येक अ‍ॅपर्चरला एक फोटो, कॅमेरा जे शटर देईल ते. सगळे सारखे आले तर मीटर सरळ आहे. सगळेच सारखे अंडर असतील तर कायमचं प्लस कॉम्पेन्सेशन देऊन टाका. अ‍ॅपर्चरगणिक बदलत असतील तर वर सांगितलेला स्क्रीनचा प्रकार आहे, कुठल्या अ‍ॅपर्चरला किती द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. अशी चिठ्ठी असली की फील्डवर विचार करावा लागत नाही.

प्रश्न: लेन्समध्ये बुरशी किंवा धूसरपणा आहे, काच पिवळी पडलीये. मीटर फसेल का?

उजेड कमी येतो तेवढा कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरला दिसतोच, त्यामुळे एक्स्पोजरची भर तो घालतो. त्रास वेगळा आहे. धूसर काच उजेड विखुरते, तो विखुरलेला उजेड मीटरला खरा वाटतो, म्हणून खिडकी किंवा आकाश फ्रेममध्ये आलं की कॅमेरा अंडर करतो आणि वर फोटोतले काळे भाग राखाडी होतात, हिस्टोग्राम डावीकडे टेकतच नाही. कोटिंग नसलेल्या फार जुन्या लेन्सचंही तसंच, काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, असे ८ पृष्ठभाग धरले तरी जवळजवळ अर्धा स्टॉप उजेड गळतो आणि त्यातला काही आतल्या आत फिरत राहतो. हूड लावा, अगदी काळ्या कागदाचा केला तरी चालेल.

पिवळेपणा वेगळा. सुपर ताकुमार ५० एमएम एफ/१.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम आहे, ती काळाने पिवळी पडते. व्हाइट बॅलन्सने रंग सुधारतो, पण निळ्या चॅनेलमध्ये उजेड कमी आल्यामुळे सावल्यांत दाणे दिसतात. काही दिवस अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो. उन्हात ठेवताना लक्ष ठेवा, लेन्स उजेड गोळा करून खालचा कागद पेटवू शकते.

प्रश्न: हातातला लाइट मीटर किंवा फोनचं अ‍ॅप वापरतोय, तरी क्लोजअप काळे का येतात?

कारण बाहेरच्या मीटरला लेन्स किती पुढे सरकलीये ते माहीत नाही. जवळचा फोकस म्हणजे लेन्स सेन्सरपासून लांब, लांब म्हणजे उजेड पसरून कमी. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी पडत असेल तेव्हा पूर्ण २ स्टॉप जातात, एफ/४ लावलेला असला तरी उजेड एफ/८ चा. अर्ध्या आकाराला साधारण सव्वा स्टॉप. एक्स्टेन्शन ट्यूब किंवा बेलोज (लेन्स सेन्सरपासून लांब नेणारे जोड) लावली की हे धरायचंच. कॅमेऱ्याचा मीटर हे आपोआप धरतो.

प्रश्न: मीटर नाही, अ‍ॅप नाही, बॅटरी वाचवायचीये. अंदाज कसा बांधू?

सनी १६. लख्ख ऊन, एफ/१६, शटर म्हणजे आयएसओच्या उलट, आयएसओ १०० ला १/१०० किंवा १/१२५. तेच एफ/८ ला १/५००. हलके ढग असतील, सावल्या मऊ दिसत असतील तर एफ/११. ढगाळ, सावलीच पडत नाहीये तर एफ/८. झाडाच्या किंवा इमारतीच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६. आषाढातलं भरलेलं आभाळ असेल तर ५.६ पासून सुरू करून ४ पर्यंत जा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन एवढं एकसारखं असतं की हा नियम डोळे झाकून चालतो.

प्रश्न: वारीत पांढरे कपडे करडे येतात, आणि धुक्यातला सह्याद्री मळकट. जुन्या लेन्समुळे होतं का?

नाही, हे कुठल्याही लेन्सवर होतं. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं धरायची सवय आहे. फ्रेमभर पांढरे सदरे आणि टोप्या असतील तर प्लस १ द्या, धुक्यात प्लस १ किंवा जास्त, आणि काळ्या पाषाणाचं देऊळ फ्रेमभर असेल तर उणे १. ग्रे कार्ड नसेल तर त्याच उजेडात आपला तळहात धरून रीडिंग घ्या आणि एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत मीटरच्या नादाला लागूच नका, एलईडीच्या भिंती दर सेकंदाला बदलतात, एम वर ठेवून चेहऱ्यासाठी एक सेटिंग पक्कं करा.

प्रश्न: फ्लॅश लावला तर?

टीटीएलवर (लेन्समधून मोजून फ्लॅश आपोआप ठरवणं) अवलंबून राहू नका, चिप नसलेल्या लेन्सवर ते एकतर चालत नाही किंवा मनमानी करतं. फ्लॅशवर स्वतःचा डोळा असलेला ऑटो मोड असेल तर तो वापरा, फ्लॅशवर जे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ सेट केलंय तेच लेन्सवर आणि कॅमेऱ्यावर ठेवा. नाहीतर मॅन्युअल, गाइड नंबरला अंतराने भागायचं, गाइड नंबर २० आणि माणूस ५ मीटरवर तर एफ/४. मिररलेसवर फ्लॅश लावताना एक्स्पोजरचा परिणाम स्क्रीनवर दाखवणं बंद करा, नाहीतर घरात स्क्रीन काळीच दिसेल.

प्रश्न: विकत घेताना मीटरिंगच्या दृष्टीने काय बघू?

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेत असाल तर आपली बॉडी सोबत न्या, पण नॉन-एआयचा संशय असेल तर तिथे बॉडीवर चढवू नका. मागचा दांडा ओढून पाती चटकन मिटतायत ना, रिंग प्रत्येक आकड्याला खटक्याने थांबते ना, दांडा वाकलेला नाही ना (वाकलेला असेल तर सगळ्याच अ‍ॅपर्चरला एक्स्पोजर सरकतं), आणि फोनचा टॉर्च मागून मारून आत जाळं किंवा धुकं दिसतंय का. पाती तेलकट निघाली तर दुकानदार म्हणेल की वापरात राहिली की मोकळी होतील. होत नाहीत. सर्व्हिसिंगचे पैसे किमतीतून कापून मागा, आणि वापरणार असाल मिररलेसवरच तर तशीच घेतली तरी चालेल.